वापरात कधीपासून

एजंटनं फॉर्मचं तिसरं पान उलटलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि 'वापरलेलं' हा शब्द उच्चारला. तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. आईनं सामानाची चार पानी यादी स्वतःच्या हातानं, समास सोडून केली होती. दादानं हॉलमध्ये खोके रचले होते. वहिनीनं एजंटला बरी खुर्ची दिली होती, आणि त्या खुर्चीमागे उभं राहून त्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवायचं काम ताईनं आपणहून पत्करलं होतं. भिंगरीचा हिशेब असा होता की अकरा वाजलेत, साडेअकराला सही होईल, उद्या टेम्पो येऊन सामान बंदरावर नेईल आणि आठवड्याभरात विमानात आई आपल्या शेजारी बसून पट्टा कसा लावायचा ते विचारत असेल.

भिंगरी हे घरातलं शेंडेफळ. वय एक्केचाळीस, परदेशात शहर बसची चालक, नव्वद माणसं पाठीशी घेऊन वळणं घेणारी बाई. पण लहानपणी अंगणात गरगर फिरायची म्हणून घरात अजून भिंगरीच. बाबा गेल्यापासून दोन वर्षं ती फोनवर एकच धोशा लावून होती, आई, माझ्याकडे राहायला ये. आणि दोन वर्षं आईचं उत्तर एकच होतं, "बघू." या खेपेला मात्र आई म्हणाली होती, "येते. पण माझं सामान आलं तर." भिंगरीनं त्याच संध्याकाळी रजा टाकली आणि निघाली. त्या 'तर'ला काही पाय फुटतील असं तिला वाटलंच नव्हतं.

"परत सांगा," दादा म्हणाला.

"घरगुती सामानाला जकात माफ आहे," एजंट म्हणाला. कुणाच्या तरी घरी चुकीच्या दिवशी येऊन पडल्यासारखा त्याचा चेहरा होता. "पण सामान वापरलेलं पाहिजे. मालकाच्या वापरात कमीत कमी सहा महिने. नवं निघालं तर जकात, वर दंड, आणि सगळी खोकी उघडून तपासणी. हे बघा, दोन रकाने आहेत. 'ताब्यात कधीपासून' आणि 'वापरात कधीपासून'. पहिला आईंनी छान भरलाय. दुसरा कोराच आहे."

सगळ्यांनी वळून खोक्यांकडे पाहिलं.

बाबा तीस वर्षं भांड्यांच्या दुकानात काउंटरवर उभे होते. दर वर्षी मालाची मोजदाद संपली की कामगारांना सवलत मिळायची, आणि बाबा एक वस्तू घरी आणायचे. चोवीस कपांचा टी-सेट. काचेचे सहा वाडगे. मिक्सर. भिंतीवरचं घड्याळ. चादरींचे जोड. आई खोका उघडायची, वस्तू दोन्ही हातांत धरून बघायची, "छान आहे हो" म्हणायची आणि खोका बंद करायची. पाहुण्यांसाठी. पाहुणेही काही कमी आले नाहीत. पण ओळखीचे आले की आई म्हणायची, हे कसले पाहुणे, हे तर आपलेच. आणि अनोळखी आले की म्हणायची, परक्यांसाठी कशाला काढायचं. असं करत करत तीस वर्षं गेली. घड्याळाच्या काचेवरची पातळ फिल्मसुद्धा अजून निघाली नव्हती.

"बिलं आहेत माझ्याकडे," आई म्हणाली. "तारखेसकट."

"त्यानं ताबा सिद्ध होतो, आई. वापर नाही."

"दर वर्षी काढते की मी. पुसते, मोजते, परत ठेवते."

एजंटनं खरोखर विचार केला. माणूस प्रामाणिक होता. "ती देखभाल झाली," तो म्हणाला.

"मग आता?" भिंगरीनं विचारलं. तिचा आवाज तिच्याच कानाला बारीक वाटला.

"आता असं करा, जे वापरलेलं असेल त्याची यादी करून ठेवा. मला मागच्या गल्लीत एक घर बघायचंय. चारला परत येतो. पाचला ऑफिस बंद, आणि उद्याच्या बोटीची कागदपत्रं आजच जायला हवीत."

तो उठला. दादा दारापर्यंत गेला आणि त्याच्या कानाशी लागून म्हणाला, "समजा, आम्ही चारपर्यंत वापरलं तर?"

"मी काही ऐकलं नाही," एजंट म्हणाला आणि जिना उतरला.

दार लागलं आणि दादा हात चोळत वळला. दादा लिफ्टचा मेकॅनिक. "नवी लिफ्ट चालू करायच्या आधी आम्ही काय करतो माहितीये? वाळूची पोती भरतो आणि दिवसभर वरखाली फिरवतो. वर्षाची झीज एका दिवसात. कप म्हणजे काय लिफ्टपेक्षा मोठी गोष्ट आहे?"

"मी खोटं लिहिणार नाही," आई खुर्चीतून म्हणाली.

"खोटं कुठंय त्यात? खरंखुरं वापरायचं आणि मग लिहायचं. कप किती? चोवीस. दिवसाला एक चहा धर. सहा महिने म्हणजे एकशेऐंशी चहा. भागिले चोवीस…"

दादा अडला. गेल्या वर्षी एका पंख्यावरून झालेल्या भांडणापासून ताई आणि दादा एकमेकांशी थेट बोलत नव्हते. जे काही असेल ते तिसऱ्याच्या खांद्यावरून. पण ताई शाळेच्या ऑफिसात कारकून, आणि अर्धवट भागाकार हवेत लोंबकळत राहिलेला तिला बघवेना.

"साडेसात," ती भिंतीला उद्देशून म्हणाली. "भिंगरी, त्याला सांग, दर कपाला साडेसात चहा."

"तिला सांग, आभारी आहे."

"आणि पाच तासांत एकशेऐंशी म्हणजे तासाला छत्तीस. तेही सांग."

"अहो, छत्तीस चहा प्यायचे कुणी?" वहिनी म्हणाली. ती औषधाच्या दुकानात काम करायची, आणि कशाचा किती डोस झेपतो याची तिला रोजची सवय होती. "संध्याकाळी पाचही जणांना उचलून न्यावं लागेल."

"प्यायचा कशाला? ओतायचा, ढवळायचा, परत पातेल्यात. कपाला काय कळतंय चहा तोच आहे ते?"

भिंगरी आईकडे बघत होती. आता आई नको म्हणेल, खोके बंद करा म्हणेल, आणि मग सामान नाही, म्हणून येणंही नाही. आईनं मांडीवरचे हात उचलले. "तो टेप तसा ओढू नकोस," ती दादाला म्हणाली. "पुठ्ठा फाटेल. कात्री आण."

तिनं स्वतः टेप कापला, सरळ रेषेत. कागदाच्या गुंडाळ्यांतून एकेक कप बाहेर येत गेला, पांढरा, काठाशी निळ्या फुलांची वेल. चोवीस कप टेबलावर मावेनात. मग ते खिडकीच्या कट्ट्यावर, शिलाई मशीनवर, पुस्तकांच्या कपाटावर चढले. वहिनीनं आपल्या रोजच्या पातेल्यात चहा चढवला आणि घरात जी धांदल उडाली, तिचं वर्णन पुढे ताई प्रत्येक लग्नात वेगळं वेगळं सांगत आली.

ताईनं कागदावर चोवीस चौकोन आखले आणि दर ओतण्याला रेघ मारायला घेतली. दादा ओतायचा, वहिनी ढवळायची, भिंगरी पळत पळत चहा परत पातेल्यात आणायची. बारा वाजेपर्यंत चहाचं काय झालं होतं ते कुणी चाखून बघितलं नाही. मध्येच दादानं घड्याळात सेल घालून ते फिल्मसकट भिंतीला लावलं, आणि मग त्याला मिक्सर आठवला. त्यात निव्वळ पाणी घालून त्यानं तो सुरू केला, तर झाकणाची रबरी चकती अजून प्लास्टिकच्या पिशवीतच. पाण्याचं कारंजं थेट छतापर्यंत गेलं. वहिनीनं नवी कोरी चादर झटकून अंथरली, "आता यावर सहा महिने झोपा" म्हणत ताईला ढकललं, आणि ताई ज्या वेगानं पडली त्याच्या दुप्पट वेगानं उठली, कारण दुकानातल्या टाचण्या घडीत तशाच होत्या.

"किती?" दादा ओरडला.

"टाचण्या की चहा?" ताई ओरडली, आणि आपण त्यालाच उत्तर दिलं हे लक्षात येऊन घाईनं भिंगरीकडे वळली. "त्याला सांग, एक्केचाळीस."

एक वाजता जरा दम खायला सगळे बसले. ताईनं हातातला कप उन्हात धरला. "माझ्याकडे शोभला असता," ती म्हणाली. "म्हणजे, मलाच मिळणार होता म्हणा."

"तुम्हाला?" वहिनी म्हणाली. "माझ्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आईंनी मला कपाट उघडून दाखवला. म्हणाल्या, हा तुझ्यासाठी ठेवलाय."

"मला दहावी झाले तेव्हा सांगितलंय!"

भिंगरी गप्प बसणार होती. पण तिच्यानं राहवलं नाही. "मला फोनवर. गेल्या वर्षी."

तिन्ही माना एकदम आईकडे वळल्या. ताई आणि वहिनी, ज्यांचं एरवी मिठाच्या डब्याच्या जागेवरूनसुद्धा एकमत नसे, त्या आता शेजारी शेजारी, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"तिघींना सांगितलं," आई म्हणाली. तिनं नजर चोरली नाही. "त्या त्या वेळी खरंच तसं वाटायचं. आणि एकीला सांगितलं की ती आठवडाभर खूश असायची. मी म्हटलं, खोका न उघडता एवढं सुख होतंय तर बिघडलं काय?"

 वहिनी खुर्चीची पाठ धरून हसायला लागली. "म्हणजे वापरलात की तुम्ही, आई! तीनदा!"

"लिहा!" दादा म्हणाला. "वापरात, माझ्या लग्नापासून!"

त्यानं आनंदाच्या भरात हात उडवला आणि कपाटावरचा कप खाली आला. फरशीवर आपटून त्याचे तीन तुकडे झाले.  भिंगरीला लहानपणापासूनची सगळी बोलणी एकदम आठवली: हात नको लावू, फुटेल, पाहुण्यांचं आहे. आईनं वाकून कपाचा कान उचलला, निळ्या फुलासकट. तिनं तो उलटासुलटा करून पाहिला.

"चला," ती म्हणाली, "एकाचा तरी वापर सिद्ध झाला."

मग मात्र कुणालाच हसू आवरलं नाही. ताईची मुरकुंडी वळली, दादा भिंतीला टेकून खाली बसला, आणि आई स्वतः डोळे पुसत पुसत हसत होती. बाबा गेल्यानंतर आईनं केलेला हा पहिला विनोद होता. भिंगरीला इतका आनंद झाला की तिला कुणाला तरी मिठी मारायची होती आणि हातात सहा कप होते.

ते ठेवायला ती स्वयंपाकघरात गेली, तशी आईही मागोमाग आली. भिंगरीनं हळूच विचारलं, "आई, समजा सामान नाही गेलं, तर तू येणारच नाहीस?"

"गेलं तर येते म्हटलंय ना."

"मी नाही गेलं तर विचारतेय."

"गॅस बारीक कर," आई म्हणाली. "आटतोय तो."

चारला पाच मिनिटं कमी असताना एजंट आला. दारात उभं राहून त्यानं दृश्य पाहिलं: भिजलेलं छत, तेवीस ओले कप, टाचण्या लागून उभ्यानंच रेघा मारणारी एक बाई. त्यानं एक कप उचलला, बुडाला अंगठा फिरवला, वास घेतला.

"अजून गरम आहे," तो म्हणाला.

"एकशे बारा चहा झालेत," ताई म्हणाली. "नोंद आहे."

"ताई, हा आजचा वापर आहे. सहा महिन्यांच्या वापरानं बुडाशी बारीक रेघा पडतात, कानाच्या सांध्यात तपकिरी रंग बसतो. मी काही बघणार नाही हो, पण तिकडचा अधिकारी बघतो. त्यांच्याकडे भिंगं असतात." तो खरोखर दुःखी दिसत होता. "याआधी एका घरानं गालिच्यावर तीन दिवस नाच केला होता. तोही अडकला."

भिंगरी मटकन बसली. संपलं, असं तिला वाटलं. आठवडाभराची रजा, दोन वर्षांचं 'बघू', सगळं त्या एका कोऱ्या रकान्यात गेलं. आईनं यादीची चार पानं नीट एकावर एक ठेवली आणि घडी घातली. तिचा चेहरा दुखावलेला नव्हता. उलट, हसताना सैल सुटलेला तो आता परत बांधल्यासारखा झाला होता, आणि तेच भिंगरीला बघवेना.

एजंट मात्र तिसरीकडेच बघत होता. शेगडीकडे.

"हे काय आहे?" त्यानं विचारलं. आवाज बदलला होता.

"पातेलं," वहिनी म्हणाली.

"हे कुणाचं?"

"माझंच," आई म्हणाली. "बत्तीस वर्षं झाली. पण ते…"

"कड वाकलेली!" एजंट जवळ गेला. "एक कान गायब! बूड कोळसा झालंय! अहो, मग हे यादीत का नाही? हे बघून अधिकारी डोळे मिटून शिक्का मारेल!"

"ते भंगार?" आईला खरंच कळेना. "ते परदेशी न्यायचं? लोकांना दाखवायला?"

"कायद्याला हेच लागतं, आई. अजून आहे असं काही?"

"काखेत कळसा नि गावाला वळसा," ताई कपाळावर हात मारून म्हणाली. आणि अचानक सगळ्यांना घरभर भंगारच भंगार दिसायला लागलं. दादाला खिळे मारून मारून चौथ्यांदा उभं केलेलं लाकडी स्टूल आठवलं. भिंगरीला आईनं जुन्या कपड्यांच्या चौकोनांची शिवलेली रजई आठवली. एजंट झरझर लिहीत होता, 'अवस्था' या रकान्यात "जुनी, डागाळलेली, चालू" असं वाचून दाखवत होता, आणि आई म्हणाली, "हे माझंच वर्णन लिहिताय की काय?"

"स्टूल एक," एजंट म्हणाला.

"एक मिनिट," दादा म्हणाला. "स्टूल कशाला? मी बल्ब बदलायला उभा कशावर राहू?"

"नवं घे."

"नव्यावर माझा विश्वास नाही. याच्या कुठल्या पायावर भार द्यायचा नाही ते मला माहितीये."

"रजई एक."

"ती माझ्याकडे आहे," ताई घाईनं म्हणाली. "आणि मला झोप लागत नाही तिच्याशिवाय."

"ताई, ती रजई आईची आहे!" दादा गरजला. "दोन वर्षांपूर्वी चार दिवसांसाठी म्हणून नेलीस!"

"आणि स्टूल काय तुझ्या बापाचं आहे?"

"हो! आणि तुझ्याही!"

हे बोलून झालं आणि दोघंही थबकली. टाचण्यांची ती चूक सोडली तर वर्षभरात त्यांनी एकमेकांच्या तोंडावर बोललेली ही पहिली वाक्यं होती. वहिनीनं पदराआड हसू लपवलं. ताईनं तोंड उघडलं, बहुधा भिंगरीमार्फत काहीतरी सांगायला, आणि मग म्हणाली, "रजई टेम्पो यायच्या आत आणून देते. आणि तुला दुसरं स्टूल मी देते. शाळेत पडलंय एक. पाय तीनच आहेत."

"चालेल," दादा म्हणाला. "चौथा मी लावीन."

राहिलं पातेलं. वहिनी शेगडीसमोर उभी राहिली, हलायला तयार नाही. "टी-सेट तुझ्याकडेच राहू दे, वहिनी," भिंगरी म्हणाली. "तेवीस कप! मिक्सर, वाडगे, चादरी, सगळं तुझं. एवढं पातेलं सोड."

"अगं, मला लॉटरी लागली हे कळतंय मला," वहिनी म्हणाली आणि तिला रडूच आलं. "पण तेवीस कपांत ओतायचा तर चहा करू कशात? यात दूध उतू जात नाही. मी नवी नवरी होते तेव्हा मला काही येत नव्हतं, तेव्हा आईंनी यातच शिकवलंय मला. माझा हात याच पातेल्याला सरावलाय."

आईनं हातातली यादीची घडी खाली ठेवली. "तुम्हाला हे हवंय?" ती म्हणाली. "तिघांना? खरंच?" तो प्रश्नच तिघांना चमत्कारिक वाटला. "मला वाटायचं, मी गेले की दुसऱ्या दिवशी हे तुम्ही भंगारवाल्याला द्याल. म्हणून मी नवं जपून ठेवलं. म्हटलं, देण्यासारखं काहीतरी असावं आपल्याकडे."

वहिनीनं नाक ओढलं, पातेल्यातला एकशे बारावा चहा मोरीत ओतला आणि घासणी उचलली.

"घासू नका!" एजंट किंचाळला. "काळं राहू द्या! नुसतं विसळा!"

तिनं विसळलं, पुसलं आणि आईच्या हातात दिलं. दुसरं पातेलं मिळेपर्यंत आपण भगोण्यात चहा करू, आणि तो वाईट होईल, आणि रोज सकाळी फोन करून आईंना तसं सांगू, असंही तिनं बजावलं. आई म्हणाली, जरूर सांग.

साडेचार वाजले होते. यादी अर्ध्या पानाची झाली होती, दुसरा रकाना वरपासून खालपर्यंत भरला होता: बत्तीस वर्षं, एकोणीस वर्षं, लक्षात नाही. भिंगरीचं काळीज पुन्हा उड्या मारत होतं. एजंटनं शेवटचं पान काढलं. "तिकडचा पत्ता?"

"लिहा," भिंगरी म्हणाली. "द्वारा…" आणि स्वतःचं नाव सांगितलं.

एजंटचं पेन थांबलं. "द्वारा चालत नाही हो. ही माफी जो तिकडे स्वतःचं घर मांडतो त्याला आहे. दुसऱ्याच्या घरी उतरतो तो पाहुणा. पाहुण्याला दोन बॅगा, बाकी काही नाही."

आई खुर्चीत मागे टेकली. आणि ती काय बोलणार हे भिंगरीला आधीच कळलं, कारण दोन वर्षं फोनवर आई तेच न बोलता बोलत आली होती.

"खरं आहे त्यांचं," आई म्हणाली. "मला यायचंय गं, भिंगरी. तुझ्याशिवाय मला करमत नाही. पण तिथं मी पाहुणी. तू कामाला गेलीस की मी सोफ्याच्या कडेला बसणार. खिडकी उघडू का, हे तुला संध्याकाळी विचारणार. माझं सामान असतं तर वाटलं असतं, आपल्या घरात बसलोय. पाहुण्यांसाठी आयुष्यभर काय काय ठेवलं, मला माहितीये त्यांना कसं वागवतात. चांगलंच वागवतात. पण उठून गेले की बरं वाटतं."

दादानं खाली पाहिलं. ताईनं रेघांचा कागद उगीच दुमडला. घड्याळाच्या फिल्ममागे काटा पावणेपाचच्या दिशेनं सरकत होता.

भिंगरीनं फोन काढला. तिकडे घरमालकिणीला लावला आणि भाडेकरारावर आईचं नाव घालायचंय, माझ्या आधी, आजच, असं सांगितलं. पलीकडून बराच वेळ मोठमोठ्यानं काहीतरी ऐकू आलं. "काय म्हणते?" दादानं विचारलं.

"म्हणते, भाडं वेळेवर येतंय तोवर दारावर मांजराचं नाव लाव. कागद उद्या पाठवते म्हणाली."

तिनं एजंटच्या हातातून पेन घेतलं. 'द्वारा' खोडलं. 'कुटुंबप्रमुख' यापुढे आईचं पूर्ण नाव लिहिलं, मोठ्या अक्षरात, रांगेत उभं राहून लिहितात तसं नाही, बसून, नीट. खाली एक चौकट होती: 'कुटुंबप्रमुखाकडे राहणाऱ्या इतर व्यक्ती'. तिथं तिनं स्वतःचं नाव घातलं. 'नातं' यापुढे 'मुलगी' असं लिहिलं आणि कागद आईसमोर सरकवला.

आईनं चष्मा लावून सगळं पान वाचलं. दोनदा. शेवटी 'वास्तव्य' या शब्दापुढे दोन घरं होती, 'तात्पुरतं' आणि 'कायम', दोन्ही रिकामी.

"म्हणजे तू माझ्याकडे राहणार?" आईनं विचारलं.

"ठेवशील का?"

आईनं विचार केल्यासारखं केलं. "ठेवीन. पण माझ्या घरात रात्री दहाच्या आत यायचं."

"आई, माझी शेवटची फेरी साडेअकराला संपते."

"मग पावणेबारा," आई म्हणाली, "त्याच्या पुढे एक मिनिट चालणार नाही," आणि तिनं 'कायम'वर खूण केली.